मागच्याच्या वेगाची शर्यत

केप एपिक या सायकल शर्यतीत पहिल्या स्वाराने अंतिम रेषा ओलांडली म्हणून घड्याळ थांबत नाही. त्याचा जोडीदार पोचला की मगच वेळ नोंदवली जाते. जोडीने नाव घालायचे, जोडीने निघायचे आणि जोडीनेच पोचायचे, असा इथला रिवाज आहे. वाटेतल्या तपासणी नाक्यांवर दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर आढळले, तर जोडीच्या वेळेत दंडाची भर पडते, आणि हा दंड तासांच्या हिशेबात असतो. नियम वाचताना वाटते, ही नुसती शिस्तीची बाब असेल. पण या एका अटीने सायकल शर्यतीचे सगळे गणित उलटे होते. एरवी जास्त दम कोणाचा, हे पाहणारा खेळ इथे दोघांपैकी त्या घटकेला जास्त दमलेला किती वेगाने जाऊ शकतो, हे पाहू लागतो.

ही शर्यत दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतात भरते, बहुतेक वर्षी मार्च महिन्यात. पहिल्या दिवशी छोटी प्रस्तावनेची फेरी आणि पुढे सात टप्पे, असे आठ दिवस. एकूण अंतर साधारण सहाशे ते सातशे किलोमीटर आणि सगळ्या चढणींची बेरीज पंधरा हजार मीटरच्या पुढे. सपाट डांबरी रस्त्यावर सातशे किलोमीटर म्हणजे सरावलेल्या सायकलस्वाराला फार मोठी गोष्ट नाही. इथे डांबर क्वचितच लागते. वालुकाश्माच्या डोंगरांवरचे सुटे दगड, चाक रुतवणारी वाळू, फिनबॉस या खुरट्या झुडपांतून जाणाऱ्या हातभर रुंदीच्या पायवाटा, द्राक्षमळ्यांतले गाडीरस्ते आणि शेतांच्या बांधालगतची खडी, असा हा मार्ग. त्यातला बराच भाग खासगी शेतांतून आणि राखीव वनांतून जातो. मार्ग दर वर्षी बदलतो. स्टेलनबॉश, टुलबाख, वेलिंग्टन, हर्मेनस या गावांच्या आसपास तंबूंचे गाव उभे राहते आणि दोन-तीन दिवसांनी पुढच्या मुक्कामी हलते. पारा कधी चाळिशी गाठतो, तर कधी थंड पावसाने वाटांचा चिखल होतो. विजेते व्यावसायिक एखादा टप्पा चार-साडेचार तासांत उरकतात. त्याच टप्प्याला नोकरीधंदा सांभाळून आलेल्या हौशी जोडीला आठ-दहा तास लागतात, आणि बाराशेहून अधिक स्वारांमध्ये बहुसंख्य असे हौशीच असतात.

जोडीने पर्वत ओलांडायची कल्पना आफ्रिकेतली नव्हे, युरोपातली. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ट्रान्सआल्प शर्यतीत स्वारांनी आल्प्स पार करून इटलीतले गार्डा सरोवर गाठायचे होते, आणि तेही दोघादोघांनी. कारण सरळ होते. डोंगरात कोणी पडले, हात मोडला, वाट चुकली, तर आयोजकांची गाडी तिथवर पोचायला तास-दोन तास लागतात. तोवर जखमी माणसापाशी कोणीतरी हवे. पुढे कॅनडातल्या ट्रान्सरॉकीजनेही हीच पद्धत घेतली. केप एपिकचा संस्थापक केव्हिन व्हर्माक याला प्रेरणा मिळाली ती मात्र कोस्टा रिकातून. तिथली ‘ला रुता’ ही एका महासागराच्या किनाऱ्यापासून दुसऱ्या महासागरापर्यंत जाणारी शर्यत त्याने केली होती. आपल्या देशात असे काही व्हावे, या इच्छेतून २००४ मध्ये नायस्नाहून पहिली केप एपिक निघाली. जोडीची अट सुरुवातीपासूनच होती. ती आली सुरक्षिततेपोटी, पण हळूहळू तीच या शर्यतीचा कस ठरली.

आता या अटीमागचे गणित पाहू. समजा, दोन्ही स्वार तोलामोलाचे आहेत आणि आठ दिवसांच्या दगदगीत प्रत्येकाचा दर चार दिवसांतला एक दिवस वाईट जातो. पोट बिघडते, झोप लागत नाही, पाय उचलत नाहीत. एकट्याने शर्यत केली तर आठांपैकी दोन दिवस वाया. जोडीत मात्र दोघांपैकी एकाचाही दिवस वाईट गेला की दोघांचा वेग पडतो. एकाच्या थकव्याचा दुसऱ्याच्या थकव्याशी संबंध नाही असे धरले, तर दोघेही ताजेतवाने असण्याची शक्यता सोळांत नऊ, आणि निदान एक जण खचलेला असण्याची सोळांत सात. आठ दिवसांचा हिशेब केला तर साडेतीन दिवस. म्हणजे एकट्याचे दोन वाईट दिवस जोडीत जवळजवळ दुप्पट होतात. जोडीचा वेग दोघांच्या वेगांची सरासरी नसतो. तो प्रत्येक क्षणी दोघांतल्या कमी वेगाइतकाच असतो. म्हणून ताकदवान जोडीदार मिळाला की आपण आपोआप वेगवान होऊ, ही समजूत पहिल्याच चढणीवर उतरते.

मग ताकदवानाच्या जास्तीच्या दमाचा उपयोग काय? तो दुसऱ्याच्या कामी आणायचा. शेतकऱ्याला ही युक्ती ठाऊक असते. जोडीतला एक बैल अशक्त असेल, तर जुवाचा ओढणीचा बिंदू मधोमध न ठेवता जोरकस बैलाच्या बाजूला थोडा सरकवायचा, म्हणजे अशक्ताच्या खांद्यावर भार कमी येतो आणि नांगर सरळ चालतो. जोडीच्या शर्यतीतले सगळे डावपेच म्हणजे हा बिंदू सरकवण्याचे निरनिराळे मार्ग. पण त्यांतला प्रत्येक मार्ग प्रत्येक वाटेवर चालत नाही.

सपाटीवर खरा शत्रू वारा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाला केवळ हवा कापण्यासाठी साधारण १४० वॅट खर्च होतात. पुढच्याच्या चाकाला चाक लावून, त्याच्या आडोशाने चालवले, तर मागच्याचा यातला तिसरा हिस्सा वाचू शकतो. म्हणजे चाळीसेक वॅट फुकट मिळाले. हौशी स्वारासाठी ही मदत फार मोठी आहे. म्हणून उघड्या माळावर, खडीच्या रुंद रस्त्यावर, समोरून वारा असताना ताकदवानाने पुढे राहायचे. चढणीवर हे चित्र पालटते. दहा टक्के चढाच्या घाटात ताशी ८ किलोमीटर वेगाने चढताना वजन वर नेण्यासाठी सुमारे १८५ वॅट लागतात आणि हवेचा विरोध जेमतेम दोन-तीन वॅटचा. आडोशाला अर्थच उरत नाही. उलट ताकदवान पुढे राहिला, तर तो आपल्याच तालात दहा-वीस पावले पुढे सरकतो. मागचा ते अंतर भरून काढायला धडपडतो आणि तिथेच त्याचे पाय जळतात. त्यामुळे जाणत्या जोड्या चढणीवर कमी दमाच्या स्वाराला पुढे काढतात. चाल त्याची, आणि दुसरा मागून सोबतीला. पाठीवर हात ठेवून ढकलणे हा मिश्र जोड्यांमध्ये नेहमी दिसणारा प्रकार, पण तो रुंद रस्त्यावरच जमतो. अरुंद पायवाटेवर दोन सायकली शेजारी मावत नाहीत.

तिथे वजन सरकवायचे. पंप, हत्यारे, जादा ट्यूब, पावसाळी जाकीट, पाण्याची दुसरी बाटली असे तीन किलो ओझे अशक्ताच्या अंगावरून काढून दुसऱ्याच्या पाठीवर दिले, तर अशक्ताचे एकूण वजन साडेतीन टक्क्यांनी उतरते. चढणीत जवळपास सगळी मेहनत वजनावरच जाते, त्यामुळे तीन तासांच्या चढाईत त्याची सहाएक मिनिटे वाचू शकतात. शिवाय पाण्याच्या ठाण्यावर दोघांच्या बाटल्या ताकदवानाने भरायच्या, म्हणजे दुसऱ्याला न थांबता पुढे सरकता येते. असे दिवसाला चार-पाच वेळा झाले, तरी आणखी काही मिनिटे हाती लागतात.

उतारावर क्रम पुन्हा बदलतो. तिथे ताकद कामाची नाही. दगडांतून चाकासाठी वाट शोधणारी नजर लागते आणि ब्रेक कधी सोडायचा, याचा अंदाज लागतो. ज्याच्याकडे हे कसब जास्त, त्याने पुढे राहायचे, म्हणजे मागच्याला त्याच्या चाकाची रेघ धरता येते. धूळ फार असेल तर मात्र मागच्याने मुद्दाम अंतर ठेवावे लागते, नाहीतर समोरचा दगड दिसेपर्यंत तो चाकाखाली आलेला असतो. घाईने उतरून एकाने टायर फाडला, तर दोघेही कडेला उभे राहतात. केपच्या डोंगरांतल्या धारदार दगडांपायी हा धोका पाचवीला पुजलेला आहे. आजच्या ट्यूबलेस टायरमध्ये आत द्रवरूप सीलंट असते, ते लहान छिद्रे आपणहून बुजवते. मोठ्या छिद्रात रबराची वात ठोकावी लागते. जाणत्या जोड्या दोघांच्या सायकलींचे टायर, साखळी, ब्रेकचे पॅड शक्यतो एकाच मापाचे ठेवतात, म्हणजे एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालतो. मागच्या गिअरला फ्रेमशी जोडणारा हँगर मात्र अनेक सायकलींत बनावटीनुसार वेगळा असतो. तसा असला तर तो दोघांनी आपापला बाळगावा लागतो.

शरीराच्या आतला हिशेब याहून किचकट आहे. स्नायूंत आणि यकृतात साठवलेले ग्लायकोजेन साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते, म्हणजे सुमारे २००० कॅलरी. आठ तासांच्या डोंगराळ टप्प्यात त्याच्या दुप्पट किंवा अधिक खर्च होतो. चरबी जळून काही भर पडते, पण चढणीवर जोर लावताना शरीराला साखरच हवी असते. म्हणून चालत्या सायकलीवर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात ढकलावी लागतात. निव्वळ ग्लुकोज आतडी तासाला साठेक ग्रॅमच शोषू शकतात. फ्रुक्टोजसाठी आतड्यांत वेगळी वाट असते, म्हणून दोन्हींचे मिश्रण केले की नव्वदपर्यंत मजल जाते. रिकामा साठा पुरता भरायला एक दिवस लागतो, आणि दुसरा टप्पा तर पंधरा-सोळा तासांत सुरू होतो. त्यामुळे रेषा ओलांडल्यावर पहिल्या तासात खाणे हा उद्याच्या शर्यतीचाच भाग.

जोडीदाराचा सर्वांत मोठा उपयोग इथेच होतो. रक्तातली साखर उतरू लागली की तिचा परिणाम मेंदूवरही होतो. माणूस गप्प होतो, चिडचिडा होतो, सोप्या वळणावर चुकतो, आणि आपले काही बिनसले आहे हे त्याच्या स्वतःच्या ध्यानातच येत नाही. शेजारी चालणाऱ्याला मात्र हे दहा मिनिटे आधी दिसू शकते. म्हणून अनुभवी जोड्या ‘भूक लागली का?’ असे विचारत बसत नाहीत. दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोघांनीही खायचे, असा नियमच करून टाकतात. दमलेल्याच्या मताला त्यात जागाच नसते.

दम संपल्यावर माणूस काय करतो, याबद्दल मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग जोडीच्या शर्यतीला तंतोतंत लागू पडतो. १९२० च्या दशकात ओटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या एका होडी वल्हवण्याच्या क्लबातल्या सभासदांना एकेकट्याने आणि मग जोडीने वजन उचलायला लावले. जोडीने उचलताना वजन दुप्पट होते, त्यामुळे एकाने हात टेकले की दुसऱ्यालाही थांबणे भाग पडे. आढळले असे, की जोडीतला कमी ताकदीचा माणूस एकटा असताना जेवढा वेळ टिकायचा, त्याहून बराच जास्त टिकतो. आपल्यामुळे दुसऱ्याचे अडू नये, ही भावना त्याला रेटत नेते. हा परिणाम सर्वांत जास्त दिसला तो दोघांच्या ताकदीत मध्यम फरक असलेल्या जोड्यांत. दोघे अगदी बरोबरीचे असले तर फरक पडेना, आणि फार विषम असले तर कमी ताकदीचा आधीच हाय खाई. केप एपिकची दोन मिनिटांची अट कोहलरच्या प्रयोगासारखीच परिस्थिती उभी करते, फक्त काही मिनिटांऐवजी आठ दिवसांसाठी. आणि तिथेच धोका आहे. वजन उचलून झाल्यावर घरी जाता येते. शर्यतीत पहिल्या दिवशी लाजेपोटी कुवतीबाहेर जोर लावला, तर त्याची किंमत तिसऱ्या-चौथ्या दिवशी चुकवावी लागते, आणि तीही दोघांना. म्हणून इथे दमलेल्याची जिद्द जेवढी महत्त्वाची, तेवढाच त्याचा खरेपणा. ‘मला जड जातंय, पाच मिनिटं हळू घे’ हे वाक्य चढणीच्या पायथ्याशी बोलले गेले तर पाच मिनिटे जातात. ते माथ्याजवळ, पायांत गोळे आल्यावर बोलले गेले, तर अर्धा तास.

विक्रमांच्या यादीतही या गोष्टी दिसतात. पुरुषांत स्वित्झर्लंडचा क्रिस्टोफ साउझर आणि जर्मनीचा कार्ल प्लाट यांनी प्रत्येकी पाच वेळा केप एपिक जिंकली, आणि दोघांनीही वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर. महिलांत डेन्मार्कच्या आनिका लांगवादचीही पाच विजेतेपदे आहेत, तीन वेगवेगळ्या सहकाऱ्यांसह. २०१९ मध्ये तिची जोडीदार होती आना व्हान डर ब्रेगेन, म्हणजे रस्त्यावरच्या सायकलिंगमधली ऑलिंपिक आणि विश्वविजेती. तिच्या पायांतल्या दमाबद्दल कोणालाच शंका नव्हती, आणि डोंगरातल्या वाटांचा सराव लांगवादकडे होता. एकीकडे जे कमी, ते दुसरीकडे भरपूर, अशी ही जोडी होती. २०१७ मध्ये ऑलिंपिक विजेता नीनो शुर्टर आपल्याहून कमी नावाजलेल्या मातियास श्टिर्नेमानबरोबर जिंकला.

साउझरची कहाणी सर्वांत वेगळी. २०११ आणि २०१२ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेच्या बरी स्टँडरबरोबर जिंकला. स्टँडर त्याच्यापेक्षा वयाने दहा-अकरा वर्षांनी लहान होता, आणि केप एपिक जिंकणारा तो पहिला दक्षिण आफ्रिकी पुरुष ठरला. लंडन ऑलिंपिकमध्ये तो पाचवा आला. जानेवारी २०१३ मध्ये सराव करून परतत असताना एका टॅक्सीच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांवर केप एपिक आली. साउझर यारोस्लाव्ह कुलहावीबरोबर उतरला. ज्या लंडनच्या शर्यतीत स्टँडर पाचवा होता, तीच कुलहावीने जिंकली होती. ही नवी जोडी २०१३ मध्ये विजेती ठरली आणि २०१५ मध्ये पुन्हा. जोडीदार बदलला की पुढे-मागे चालण्याचा क्रम, बोलण्याची रीत, उतारावरचा विश्वास हे सगळे नव्याने जमवावे लागते. साउझरने ते अनेकदा जमवले, हेच त्याच्या पाच विजेतेपदांचे वैशिष्ट्य.

शर्यत अर्ध्यात असताना जोडीदारच गळाला तर? आजारपण किंवा अपघाताने एक जण बाद झाला, तर दुसऱ्याला पुढचे टप्पे चालवू देतात, पण जोडी म्हणून त्याची गणना क्रमवारीत होत नाही. रोज सकाळी असे काही एकटे स्वार निघताना दिसतात. वेग कमी नसतो त्यांचा, पण शर्यत संपलेली असते.

मराठी वाचकाला जोडीच्या लांब पल्ल्याच्या सायकलिंगची आठवण होईल ती नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांमुळे. २०१५ मध्ये त्यांनी अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाच्या गटात नऊ दिवसांच्या आत पुरी केली. सुमारे ४८०० किलोमीटरची ती शर्यत पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाते. पण त्या शर्यतीत जोडीचा अर्थ निराळा आहे. तिथे पाळीपाळीने चालवतात. एक सायकलवर असताना दुसरा गाडीत झोपू शकतो, खाऊ शकतो. तिथे दोघांच्या मेहनतीची बेरीज होते आणि एकाचा वाईट तास दुसरा भरून काढू शकतो. केप एपिकमध्ये दोघेही एकाच वेळी, एकाच दगडावर असतात, म्हणून बेरीज होत नाही. हा फरक ध्यानात घेतला, तर जोडीदार निवडण्याची कसोटीही वेगळी निघते. पाळीच्या शर्यतीत सर्वांत वेगवान माणूस शोधावा. सोबतीच्या शर्यतीत असा माणूस शोधावा, ज्याचा वेग आपल्यापेक्षा थोडाच वेगळा आहे आणि ज्याचे कच्चे दुवे आपल्याहून निराळे आहेत.

देशात टप्प्यांच्या डोंगरी शर्यतींची चव घ्यायची असेल, तर हिमाचल प्रदेशात २००५ मध्ये सुरू झालेली एमटीबी हिमालय आहे. सह्याद्रीतही सरावाला वाटा कमी नाहीत. पण नाव नोंदवण्याआधी जोडीने एक शनिवार-रविवार घालवावा, आणि तोही मार्च-एप्रिलच्या उन्हात. दोन्ही दिवस पाच-सहा तास कच्च्या वाटांवर चालवायचे, एकमेकांच्या नजरेआड जायचे नाही, खाणे ठरल्या वेळी, आणि एकदा तरी पंक्चर दोघांनी मिळून काढायचे. आपण शर्यत पुरी करायला चाललो आहोत की क्रमांकासाठी, हे आधीच बोलून घ्यायचे, कारण जोड्या फुटतात त्या बहुधा याच न बोललेल्या प्रश्नावर. पहिल्या दिवशी दोघेही चांगलेच चालवतात, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाय जड झाल्यावर, दमलेला ते वेळेवर सांगतो का आणि ऐकणारा कपाळाला आठी न घालता वेग उतरवतो का, हे पाहावे. दोन्हींची उत्तरे ‘हो’ असतील तर पैसे भरायला हरकत नाही. नसतील तर दोघांनी मैत्री टिकवावी आणि शर्यतीसाठी दुसरा जोडीदार पाहावा.